पावसाळी पायवाटांसाठी बूट निवडताना

तुम्ही पहिल्याच पावसाळ्यात गोव्यातील सत्तरी तालुक्याच्या रानात उतरणार आहात, म्हणून रंग आणि ब्रँड तूर्त बाजूला ठेवून टाचेपासून विचार सुरू करा. स्त्रियांचे बूट ज्या साच्यावर बेततात तो साधारणपणे टाचेशी अरुंद असतो. पुरुषांचा लहान मापाचा जोड घेतल्यास टाच आत वरखाली होते आणि दुपारपर्यंत फोड येतात. मीही पहिली दोन वर्षे भावाचेच बूट वापरले, हे कबूल करते. खरेदीला संध्याकाळी जावे, कारण तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात. चालताना वापरायचेच मोजे घालून जिन्यावरून उतरून पाहावे, आणि बोटे पुढे आदळली तर अर्धा क्रमांक वाढवावा.

जलरोधक अस्तराविषयी माझे मत जरा वेगळे आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे गुडघाभर पाण्याचे ओहोळ ओलांडावे लागतात, आणि पाणी एकदा वरून आत शिरले की तेच अस्तर ते सहजी बाहेर जाऊ देत नाही. म्हणून येथे जाळीदार, लवकर निथळणारा बूट बरा. हिमालयातील थंडीत मात्र जलरोधकच घ्यावा. शेवाळलेल्या जांभ्या दगडावर तळव्याच्या खोल खाचांपेक्षा रबराचा मऊपणा अधिक उपयोगी पडतो. सुती मोजे टाळावेत.

जुना जोड वापरणार असाल, तर निघण्यापूर्वी तो वाकवून तपासा: दमट हवेत तळव्यातला पॉलियुरेथेनचा (एक प्रकारच्या फेसाळ प्लास्टिकचा) मधला थर न वापरताही भुसभुशीत होतो आणि तळवा भर वाटेत सुटतो.