आयर्लंडमध्ये मोठा बर्फ पडून गेल्यावर रस्ते आणि पदपथ कोण साफ करते?

आपण सप्टेंबरमध्ये शिक्षणासाठी डब्लिनला येत आहात, म्हणून आपण विचारले आहे की, तिथे कधी मोठा बर्फ पडलाच, तर नंतर रस्ते आणि पदपथ कौन्सिल (इथली स्थानिक स्वराज्य संस्था) साफ करते की लोकांना करावे लागतात, आणि त्या दिवसांत पाणी, दूध, पाव मिळतो का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येईल. महत्त्वाचे रस्ते कौन्सिल मोकळे करते आणि आपल्या दारासमोरची वाट आपणच मोकळी करायची असते. पण याच वाक्यावरून आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींत २०१८ पासून वाद चालू आहे आणि त्यात मला बोल लावला गेला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

अटलांटिकवरून येणाऱ्या उबदार वाऱ्यांमुळे या देशात पाऊस भरपूर पडतो आणि बर्फ क्वचितच साचतो. जे वर्षानुवर्षे घडत नाही त्याची तयारी कोणी ठेवत नाही. गाड्यांना बर्फाचे टायर नसतात, घरात बर्फाचे फावडे नसते आणि कौन्सिलकडचे मीठ टाकणारे ट्रक मुख्य मार्गांनाच पुरतात. वसाहतींमधले आतले रस्ते त्यांच्या यादीत नसतात, ही गोष्ट इथे येणाऱ्याने आधीच समजून घ्यावी.

आम्ही किल्डेअर काउंटीतील सेलब्रिज या गावी राहतो. फेब्रुवारी २०१८ च्या शेवटी सैबेरियाच्या बाजूने अतिशय थंड हवा युरोपवर आली, तिला इकडे ‘बीस्ट फ्रॉम द ईस्ट’ असे नाव पडले, आणि त्याच सुमारास दक्षिणेकडून ‘एमा’ नावाचे वादळ बाष्प घेऊन तिच्यावर येऊन आदळले. मेट एरन या हवामान खात्याने संपूर्ण देशासाठी लाल इशारा दिला. शाळा बंद झाल्या, बस, ट्राम आणि आगगाड्या थांबल्या, डब्लिन विमानतळावरची उड्डाणे रद्द झाली. १ मार्चच्या गुरुवारी दुपारी चार वाजल्यानंतर कोणीही घराबाहेर राहू नये, असे पंतप्रधान लिओ वराडकर यांनी देशाला सांगितले. त्यांच्या वडिलांचे घराणे मालवण तालुक्यातील वराड गावचे आणि माझे माहेर कुडाळचे, त्यामुळे ही सूचना माझ्या आईपर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. शनिवारी मी फावडे घेऊन बाहेर उभी असताना तिचा फोन आला, आणि पहिले वाक्य होते, “वराडकरांनी सांगितलंय ना घरात बसा म्हणून, मग तू रस्त्यावर काय करतेस?” तोवर लाल इशारा उतरला होता, पण आईला ते पटवून देणे अवघड होते.

मी बाहेर का होते ते सांगते. आमची गल्ली चौदा घरांची, एका टोकाला बंद. आमच्या शेजारच्या बाई त्या वेळी एकोणऐंशी वर्षांच्या होत्या आणि एकट्या राहत होत्या. त्यांच्याकडे सकाळ-संध्याकाळ एक मदतनीस येत असे. अंघोळ घालणे, कपडे बदलणे, गोळ्या देणे, पायांना मलमपट्टी करणे ही सगळी कामे तिची. गुरुवारी संध्याकाळी आणि शुक्रवारी दिवसभर ती येऊ शकली नाही. त्या तिन्ही वेळा मी मधल्या कुंपणावरून जाऊन चहा-जेवण दिले, पण मलमपट्टी मला जमण्यासारखी नव्हती. शनिवारी सकाळी तिचा फोन आला की, एका शेतकऱ्याने तिला ट्रॅक्टरवरून गल्लीच्या तोंडापर्यंत आणून सोडण्याचे कबूल केले आहे; पुढची वाट कशी आहे? पुढची वाट म्हणजे गुडघाभर बर्फ आणि कुंपणांच्या कडेला वाऱ्याने साचलेले कमरेएवढे ढीग. गल्लीच्या तोंडापासून बाईंच्या दारापर्यंत साधारण साठ पावले होतात. मी आणि माझ्या यजमानांनी शेकोटीचे कोळशाचे छोटे फावडे आणि प्लास्टिकची केरभरणी घेऊन ती साठ पावले साडेतीन तासांत मोकळी केली. समोरच्या घरातली दोन शाळकरी मुले नंतर आमच्यात सामील झाली. मदतनीस आली, तिने मलमपट्टी केली आणि ती त्याच ट्रॅक्टरवरून पुढच्या घरी गेली.

त्याच दुपारी आमच्या ओळखीतल्या एका ज्येष्ठ गृहस्थांचा फोन आला. ते तेव्हा सतरा वर्षे आयर्लंडमध्ये होते आणि आम्ही त्यांना मानत असू. ते म्हणाले, “वहिनी, हा नसता उपद्व्याप करू नका. बर्फ आपोआप पडला आणि त्यावरून कोणी घसरला, तर तो देवाचा दोष. तुम्ही वाट साफ केली आणि त्यावरून कोणी घसरला, तर तो तुमचा दोष. इथले लोक लगेच नुकसानभरपाईचा दावा लावतात.” वसाहतीचा कारभार पाहणाऱ्या कंपनीचाही ईमेल आला होता की, सामाईक भागातील बर्फाला रहिवाशांनी हात लावू नये. त्या कंपनीचा माणूस आला बुधवारी, तेव्हा गल्लीत फक्त मळकट पाणी उरले होते.

रविवारी सकाळी त्या गृहस्थांचे म्हणणे खरे ठरते की काय अशी वेळ आली. बाईंच्या दारासमोरच्या दोन पायऱ्यांवर चिकटलेला बर्फ निघत नव्हता, म्हणून यजमानांनी शनिवारी संध्याकाळी त्यावर किटलीभर उकळते पाणी ओतले होते. बर्फ वितळला, रात्री पारा पुन्हा शून्याखाली गेला आणि सकाळी पायऱ्यांवर काचेसारखा पारदर्शक थर तयार झाला. तो डोळ्यांना दिसतही नव्हता. मदतनीस यायला वीस मिनिटे होती. मी दार उघडून निघाले तेवढ्यात बाईंनी आतून खिडकीच्या काचेवर अंगठीने टकटक करून मला जागीच थांबवले, बोटाने पायऱ्या दाखवल्या आणि मग शेकोटीकडे हात केला. मागच्या दाराने गेले, तर त्यांनी राखेची बादली काढून ठेवली होती. दोन दिवसांची थंड झालेली राख, त्यात कोळशाचे अर्धवट जळलेले खडे. ती पायऱ्यांवर मूठ मूठ पसरली आणि वर जाडे मीठ टाकले, तेव्हा पाऊल ठरू लागले. १९४७ च्या मोठ्या बर्फात त्यांच्या आईने हेच केले होते, असे त्यांनी सांगितले. माझी आजी राखेने भांडी घासत असे. त्यानंतर राखेला इतका मान मी त्या दिवशीच दिला.

आता त्या कायद्याच्या भीतीविषयी स्पष्ट बोलते. हे भय निराधार आहे आणि ते पसरवणाऱ्यांनी या देशातल्या म्हाताऱ्या माणसांचे नुकसान केले आहे. ‘बी विंटर-रेडी’ या सरकारी मोहिमेत नागरिकांना आपल्या घरासमोरचा पदपथ साफ करण्याचे आवाहन केले जाते आणि काळजीपूर्वक काम केले असेल, तर दाव्याची शक्यता फारशी नसते, असेही सांगितले जाते. काळजीपूर्वक म्हणजे आधीपेक्षा जास्त धोकादायक स्थिती निर्माण करायची नाही. आमच्या यजमानांची किटली हे नेमके काय करू नये याचे उदाहरण होते, आणि माझ्या मते चूक तेवढीच होती. फावडे उचलणे ही चूक नव्हती. दाव्यांचा सुळसुळाट आणि विम्याचे वाढलेले हप्ते ही इथली खरी तक्रार होती, हे मी नाकारत नाही. पण त्यावरही इलाज झाला आहे. २०२१ मध्ये भरपाईच्या रकमांची नवी मार्गदर्शक तत्त्वे लागू झाली आणि २०२३ मध्ये जागेच्या ताबेदाराची जबाबदारी ठरवणारा कायदा बदलून ती अधिक वाजवी केली गेली. तरीही आमचे ते स्नेही गणेशोत्सवात भेटले की, नव्याने आलेल्या मुलांना तोच उपदेश करतात. गेल्या वर्षी माझ्या समोरच केला, आणि मी सर्वांदेखत त्यांना विचारले की, ती मदतनीस रविवारी दारापर्यंत कशी पोहोचली असती. त्यांनी विषय बदलला.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. पाव मिळत नाही. इशारा आला की लोक सर्वांत आधी स्लाइस पाव आणि दूध उचलतात. २०१८ मध्ये १ मार्चच्या आदल्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी, आमच्या गावातल्या दुकानात पावाची सगळी फळी रिकामी होती. तांदूळ, डाळ आणि पीठ मात्र जागच्या जागी होते, त्यामुळे मराठी घराला उपाशी राहण्याचे कारण नाही. दुधाचे कारण वेगळे आहे. टँकर शेतापर्यंत पोहोचू न शकल्याने काही शेतकऱ्यांना काढलेले दूध ओतून द्यावे लागले, आणि वेक्सफर्डकडे गोठ्यांची व शेडची छपरे बर्फाच्या वजनाने कोसळली. पुढे थंडी लांबल्याने गवत उगवायला उशीर झाला आणि एप्रिलमध्ये गुरांसाठी चारा परदेशातून आणावा लागला. म्हणजे शहरातला बर्फ आठवड्यात संपला, गावातला दोन महिने पुरला.

पाण्याची अडचण बर्फ पडताना येत नाही, तो वितळू लागल्यावर येते. नळ गोठू नये म्हणून लोक तो रात्रभर सोडून ठेवतात, गोठून फुटलेले पाइप बर्फ वितळताच गळू लागतात आणि बंद घरांत ते कोणाच्या लक्षातही येत नाहीत. आमच्या गल्लीतले एक घर सुट्टीवर गेलेल्या कुटुंबाचे होते. सोमवारी त्याच्या दाराखालून पाणी वाहू लागले आणि किल्ली कोणाकडेच नव्हती. डब्लिनच्या परिसरात त्या आठवड्यात मागणी इतकी वाढली की, रात्री पाण्याचा दाब कमी करावा लागला. बॅलीमोर यूस्टेस आणि लेक्सलिप या मोठ्या शुद्धीकरण केंद्रांतून होणारा पुरवठाही अपुरा पडला. इथल्या बहुतेक जुन्या घरांत स्वयंपाकघराचा नळ थेट मुख्य वाहिनीवर असतो आणि बाथरूमचे पाणी माळ्यावरच्या टाकीतून येते. पिण्याचे पाणी स्वयंपाकघरातूनच घ्यावे. मुख्य पाइपचा कॉक बहुधा सिंकखालीच असतो. तो कुठे आहे हे घरात राहायला गेल्या दिवशीच पाहून ठेवा आणि नळ सोडून ठेवू नका. त्याच वर्षी उन्हाळ्यात दुष्काळ पडून बागेला पाइपने पाणी घालण्यावर देशभर बंदी आली, म्हणजे मार्चमध्ये वाया गेलेल्या पाण्याची किंमत जुलैमध्ये सर्वांना कळली.

हे पुन्हा होणार नाही, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. २०१० च्या डिसेंबरमध्ये अशीच भयंकर थंडी पडली होती आणि जानेवारी २०२५ मध्ये कॉर्क, केरी, लिमेरिक, टिपररी या भागांत इतका बर्फ पडला की, हजारो घरे कित्येक दिवस विजेविना राहिली. डब्लिनला त्या वेळी फारसा त्रास झाला नाही, म्हणून आमचे काही शहरी मित्र त्याला मोठा बर्फ मानायलाच तयार नाहीत.

बर्फ साफ करायची वेळ आलीच, तर सकाळी लवकर सुरुवात करा, कारण पायांखाली दाबला गेलेला बर्फ नंतर निघत नाही. मधून एक अरुंद पट्टी आधी मोकळी करा आणि मग तिच्या दोन्ही बाजूंना बर्फ लोटा. तो गटाराच्या जाळीवर टाकू नका. पाणी कधीही वापरू नका, गरम तर मुळीच नको. मीठ संध्याकाळी, पुन्हा गोठण्याच्या आधी टाका. मीठ नसेल, तर वाळू किंवा राख चालते, मात्र राख पूर्ण थंड झालेली हवी. गल्लीत कोण एकटे राहते, कोणाकडे मदतनीस येते, हे बर्फ पडण्याआधी माहीत असले पाहिजे, म्हणजे फावडे कोणत्या दारापासून सुरू करायचे हे विचारावे लागत नाही.

एक गोष्ट मात्र शेवटी नमूद करते. मी वकील नाही, आणि माझा अनुभव स्वतंत्र घरांच्या वसाहतीचा आहे. आपण विद्यार्थी वसतिगृहात किंवा अपार्टमेंटमध्ये राहाल, तेव्हा सामाईक जिन्याची आणि अंगणाची जबाबदारी कोणाची, हे भाडेकरारात वाचून घ्या, आणि तिथे मीठ कोण टाकते हे ऑक्टोबरमध्येच विचारा.