इटलीच्या क्रूझर इतक्या वेगवान असूनही का बुडाल्या?

तुम्ही विचारलंय की दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या क्रूझर (मध्यम आकाराच्या युद्धनौका) एवढ्या वेगवान असूनही का बुडाल्या आणि इटलीत बांधलेली एखादी जुनी क्रूझर आज बघायला मिळते का.

आधी वेगाचं. इटलीच्या 'अल्बेरिको दा बार्बियानो' या क्रूझरने चाचणीत ४२ नॉट (ताशी सुमारे ७८ किलोमीटर) गाठले, पण जहाज मुद्दाम हलकं ठेवून. फ्रान्सच्या मोठ्या विनाशिकांना (डिस्ट्रॉयर) पळून गाठता यावं म्हणून एकसारख्या क्रूझरची ही जातच बांधली होती आणि त्या वेगापायी चिलखत गेलं. बाजूचा पत्रा २४ मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या रुंदीएवढा! १९ जुलै १९४० ला क्रीटजवळ ऑस्ट्रेलियाच्या 'सिडनी'ने याच जातीच्या 'बार्तोलोमेओ कोल्लेओनी'ला गाठलं. एक गोळा यंत्रांपर्यंत पोचला, जहाज जागीच थांबलं, आणि मग विनाशिकांनी टॉर्पेडो मारून ते बुडवलं.

तरी सगळा दोष पातळ पत्र्यावर टाकणं मला पटत नाही. 'झारा' जातीच्या क्रूझरना १५० मिलिमीटरचं चिलखत होतं, नौदलांवरच्या आंतरराष्ट्रीय करारातली १०,००० टनांची मर्यादा ओलांडून बांधलेल्या. मग ग्रीसच्या दक्षिण टोकाला, मातापानच्या लढाईत, काय झालं? २८ मार्च १९४१ च्या संध्याकाळी ब्रिटिश विमानाचा टॉर्पेडो लागून याच जातीची 'पोला' बंद पडली. तिला आणायला ॲडमिरल कात्तानेओ 'झारा', 'फ्यूमे' आणि चार विनाशिका घेऊन अंधारात मागे फिरले. ब्रिटिशांकडे रडार होतं, यांच्याकडे नव्हतं. मोठ्या तोफा रात्री चालवायचा सरावही नव्हता. सर्चलाइट पडला तेव्हा 'फ्यूमे'च्या तोफा जहाजाच्या लांबीतच वळलेल्या होत्या, शत्रूकडे एकही नाही. साधारण साडेतीन किलोमीटरवरून ब्रिटिश युद्धनौकांचे १५ इंची गोळे आले. तीन क्रूझर, दोन विनाशिका आणि २,३०० हून जास्त माणसं एका रात्रीत गेली, खुद्द कात्तानेओसुद्धा. सोबत्याला आणायला गेलेली माणसं होती ही. वाचताना दर वेळी गळा दाटून येतो.

आता दुसरा प्रश्न. ग्रीसची 'येओर्गिओस आवेरोफ' जरूर बघा. ही इटलीच्या 'पिझा' जातीची चिलखती क्रूझर लिव्होर्नोला बांधली, १९१० मध्ये पाण्यात उतरली. एका ग्रीक व्यापाऱ्याने मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशातून तिच्या किमतीचा मोठा वाटा उचलला गेला, म्हणून त्याचंच नाव. १९१२-१३ च्या बाल्कन युद्धात तिने तुर्की आरमाराला डार्डनेल्सच्या सामुद्रधुनीच्या आत कोंडून ठेवलं. एप्रिल १९४१ मध्ये जर्मन आले तेव्हा जहाज बुडवण्याचा हुकूम खलाशांनी धुडकावला आणि ते अलेक्झांड्रियाला नेलं. पुढे १९४१-४२ मध्ये ती आपल्या मुंबई बंदरातून हिंदी महासागरात जहाजांच्या ताफ्यांची राखण करत होती! आज ती अथेन्सच्या किनाऱ्याला, पालेओ फालिरोला, संग्रहालय म्हणून उभी आहे.