वाचकांचे प्रश्न : शुक्रवारचा गट आणि रविवारची मंडळी

प्रश्न : पाळकसाहेबांस सप्रेम जय ख्रिस्त. मी अहिल्यानगर जिल्ह्यातील एका खेड्यातून अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी पुण्यास आले असून वसतिगृहात राहते. आमच्या महाविद्यालयातील ख्रिस्ती विद्यार्थी दर शुक्रवारी पवित्र शास्त्राच्या अभ्यासासाठी जमतात. तेथे मन इतके रमते की रविवारच्या उपासनेस जाणे मी जवळजवळ सोडले आहे. अशाने मंडळीही (म्हणजे चर्चही) सुटेल आणि अभ्यासही बुडेल, असे आईवडिलांना वाटते. शिवाय माझी एक हिंदू मैत्रीण गटात येऊ इच्छिते. तिला न्यावे का?
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : तुमचा गट कोणत्या संघटनेशी जोडलेला आहे, हे तुम्ही कळवलेले नाही. आपल्या देशात स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट १९१२ पासून, कॅथलिक विद्यार्थ्यांची ऑल इंडिया कॅथलिक युनिव्हर्सिटी फेडरेशन (आयकफ) १९२४ पासून आणि युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया १९५४ पासून कार्य करीत आहे, तेव्हा हा प्रकार काही कालपरवाचा नव्हे.

शुक्रवारी मन का रमते, ते समजण्याजोगे आहे. आठदहा जण रिकाम्या वर्गात बाके जवळ ओढून बसतात, मार्ककृत शुभवर्तमानातला एखादा उतारा आळीपाळीने वाचतात, आणि येथे नेमके काय लिहिले आहे, त्या काळच्या ऐकणाऱ्यांनी त्याचा काय अर्थ घेतला असेल व उद्या प्रयोगशाळेत जोडीदाराशी वागताना मला त्यातून काय घ्यायचे आहे, असे प्रश्न क्रमाने एकमेकांना विचारतात. तेथे तुम्हाला बोलावे लागते. रविवारी मात्र तुम्ही केवळ श्रोत्या असता, आणि आमची प्रवचने लांबतात, हेही मान्य करतो.

तरीही गट म्हणजे मंडळी नव्हे. पवित्र शास्त्रात प्रेषितांची कृत्ये २:४२ मध्ये शिक्षण, सहवास, भाकर मोडणे (म्हणजेच प्रभुभोजन) व प्रार्थना या चार गोष्टी एकत्र येतात. तुमच्या गटात प्रभुभोजन नाही. गटातील सारे तुमच्याच वयाचे आहेत. आजारी नवऱ्याची वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या आजीबाई किंवा नोकरी गेलेला बाप तेथे भेटत नाही, आणि विश्वास टिकतो कसा हे बहुधा अशाच माणसांकडून शिकायला मिळते. शिवाय चार वर्षांनी हा गट तुमच्यापुरता संपेल. ज्यांनी केवळ गटच धरून ठेवला, अशी कितीतरी मुले पदवीनंतर कोठल्याच मंडळीत रुजली नाहीत, हे मी पाहिले आहे. म्हणून गावच्या पाळकांचे पत्र घेऊन वसतिगृहाजवळच्या मंडळीत जा आणि तेथे शब्बाथ शाळेचा, म्हणजे मुलांना शास्त्र शिकवण्याचा, एखादा वर्ग मागून घ्या. शुक्रवारी जे शिकलात ते तेथे कामी येईल.

अभ्यासाबाबत आईवडिलांची काळजी रास्त आहे. पवित्र शास्त्रातील दानीएल व त्याचे तिघे सोबती बाबेलात प्रार्थना करणारे तरुण होते खरे, पण त्यांनी खास्द्यांची, म्हणजे तेथल्या लोकांची, भाषा व विद्या तीन वर्षे शिकून घेतली, हेही दानीएलाच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री जागरणाची प्रार्थना ठेवणाऱ्या गटाला माझा पाठिंबा नाही. त्या आठवड्यात पंधरा मिनिटांची प्रार्थना पुरे. रोजचे वैयक्तिक मनन मात्र चुकवू नये.

मैत्रिणीला अवश्य न्या. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ हा भक्तांचा संघ मांडला, तेव्हा बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्यात जागा ठेवली होती. (तुमच्या गटात गिटारवर इंग्रजी गीतेच गायली जात असतील, तर टिळकांचे एखादे भजनही बसवा, तिला ते अधिक आपलेसे वाटेल.) परंतु तेथे वाचन होते, प्रार्थना होते, हे तिला आधीच स्पष्ट सांगा. नुसतीच ‘मैत्रीची बैठक’ म्हणून तिला नेणे ही फसवणूक होईल. तिने घरी सांगून यावे हे बरे; आणि तिला प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटायचे नसतील, तर कोणीही तिच्याकडे वळून पाहू नये.