तव्यावर गर्दी नको

मागच्या अंकात एका उत्तराच्या शेवटी मी ओघात लिहून गेले होते, "फारच घाई असेल तर बीफचे छोटे तुकडे तव्यावर खरपूस करा, वाटीभर डिप कालवा, पंधरा मिनिटांत जेवायला बसा." त्या एका वाक्याने माझी चांगलीच पंचाईत केली. पत्रं भरपूर आली आणि बहुतेक तक्रारीची. चूक माझीच. कृती अशी एका वाक्यात उरकायची नसते, हे तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईला तरी कळायला हवं होतं. म्हणून या वेळचं सगळं सदर त्या तुकड्यांसाठी.

ताई, तुमचं वाचून अर्धा किलो बीफ आणलं, इंचभराचे तुकडे केले, तवा तापवून तेलात सगळे एकदम टाकले. दोन मिनिटांत तव्यात पाणीच पाणी! ते आटेपर्यंत तुकडे राखाडी आणि वातड झाले. तवा वाईट की मी?
– एक हिरमुसलेली वाचक

तवा नाही आणि तुम्हीही नाही. "सगळे एकदम" हे तुमच्याच पत्रातले दोन शब्द पुन्हा वाचा. सगळं दुखणं तिथे आहे.

मांसात जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी असतं. तापल्यावर ते सुटणारच. आता पाण्याचा हट्ट असा, की ते उकळतं १०० अंशांना आणि संपेपर्यंत आजूबाजूला १०० च्या वर जाऊ देत नाही. आपल्याला हवा तो तपकिरी रंग आणि तो खमंग वास मात्र साधारण १४० अंशांच्या पुढे झपाट्याने तयार होतो. प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि साखरा यांची ती अभिक्रिया. मायार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिच्यावर पहिल्यांदा लिहिलं, म्हणून तिला त्याचं नाव. तेव्हा तव्यात पाणी साचलं की तुम्ही मांस भाजत नसता, उकडत असता. राखाडी रंग हा उकडल्याचा रंग.

शिवाय पाणी उडवणं भलतं महाग पडतं. एक ग्रॅम पाणी २० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला ८० कॅलरी लागतात, आणि त्याच ग्रॅमची वाफ करायला आणखी ५४०. हा आकडा मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिलाय, पण त्याचा अर्थ मला स्वतःला कळला तो स्वयंपाकघरात. आठ पाहुणे आले होते, भूक लागली होती, मी सव्वा किलो मांस एका तव्यात ओतलं. चर्र आवाज झाला, मग तो आवाज बसला, आणि मग नुसती रटरट. पाहुणे सभ्य होते, एकाने तर "मऊ आहे हं" म्हटलं. मऊ नव्हतं. तो बराच वेळ चावत होता.

तर आता असं करा. तुकडे कागदी रुमालाने किंवा स्वच्छ कोरड्या फडक्याने चारी बाजूंनी टिपा. वरवर नाही, दाबून. जेवढं पाणी फडक्यात जाईल तेवढं तव्याला उडवावं लागणार नाही. तवा जाड बुडाचा घ्या, बिडाचा असेल तर उत्तम. बीड तापायला वेळ लावतं, पण एकदा तापलं की थंड मांस पडल्यावर लगेच ढेपाळत नाही. मध्यम आचेवर पाचेक मिनिटं तापू द्या. मग पाण्याचा एक थेंब टाका. तो फसफसून आटला तर अजून थांबा. मण्यासारखा गोल होऊन घरंगळायला लागला की तवा तयार. (थेंबाखाली वाफेची गादी तयार होते. लायडनफ्रॉस्ट नावाच्या डॉक्टरने १७५६ मध्ये हे लिहून ठेवलं. मुलांना दाखवा, त्यांना फार आवडतं.) तो थेंब उडून गेला की चमचाभर साधं रिफाइंड तेल घाला. तेलावर लहर उठली, धुराची पहिली रेघ दिसली की तुकडे ठेवा. टाकू नका, ठेवा, आणि दोन तुकड्यांत बोटभर जागा सोडा. अर्धा किलोला तीन घाणे लागतील. लागू देत.

यानंतरचं काम सगळ्यांत अवघड: हात मागे घ्या. दीड मिनिट हलवायचं नाही. खालची बाजू खरपूस झाली की तुकडा आपणहून तवा सोडतो. चिमट्याने ओढावा लागत असेल तर वेळ झालेली नाही. उलटा, आणखी मिनिटभर, मग उरलेल्या बाजूंना नुसता चटका. एक घाणा तीन ते चार मिनिटांत उतरतो. पुढचा घालण्याआधी तवा पुन्हा तापू द्या. आणि कान उघडे ठेवा. आवाज बसला की गर्दी झाली, हे डोळ्यांआधी कानांना कळतं.

मीठ आधी लावायचं की नंतर? दोन ठिकाणी दोन मतं वाचली.
– गोंधळलेला

दोन्ही मतं बरोबर आहेत, चुकीची वेळ मधली आहे. मीठ लावलं की दहा-पंधरा मिनिटांत ते आतलं पाणी वर खेचतं आणि तुकडे घामेजतात. नेमक्या त्या वेळी तव्यावर घातलेत तर वरच्या पत्रातली गत. पाऊण तास थांबलात तर तेच खारं पाणी बरंचसं परत आत मुरतं आणि चव आतपर्यंत जाते. तेव्हा एक तर पाऊण तास आधी लावा, नाहीतर तव्यावर ठेवायच्या क्षणी. मिरपूड मात्र मी उतरवल्यावरच घालते. एवढ्या आचेवर ती करपते.

मोठ्या आचेवर आधी बाहेरून भाजलं की आतला रस कोंडला जातो, असं सासूबाई सांगतात. खरं का?
– सून

नाही. पण हा समज मोठ्या माणसाचा आहे. १८४७ च्या सुमाराला युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तो मांडला आणि आचाऱ्यांनी उचलून धरला. पुढे लोकांनी भाजण्याआधी आणि नंतर वजनं करून पाहिली, तर रस काही कोंडलेला नव्हता. तराजूचीही खरं तर गरज नाही. तव्यावर जो चर्र आवाज चाललेला असतो तो बाहेर पडणाऱ्या रसाचाच. कोंडला असता तर तवा गप्प बसला असता.

सासूबाईंना हे सांगू नका. त्यांची पद्धत अगदी बरोबर आहे, फक्त त्यामागचं कारण चुकलंय. चवीसाठी भाजायचं, रसासाठी नाही.

स्टूसाठी मिळतात ते आयते तुकडे वापरले. रंग सुंदर आला, पण दात दुखले.
– घाईतला बाबा

ते तुकडे खांद्याचे किंवा पायाचे असतात. जनावर ज्या स्नायूंनी आयुष्यभर चाललं, त्यात कोलॅजन, म्हणजे धागे बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, ठासून भरलेलं असतं. त्याचं मऊ जिलेटिन व्हायला मंद आचेवर तास न् तास लागतात. चार मिनिटांत होणाऱ्या कृतीसाठी पाठीचा भाग मागा: सरलॉइन, रिबाय, किंवा खिसा जड असेल तर टेंडरलॉइन. माझी निवड सरलॉइन. टेंडरलॉइन लोण्यासारखं असतं, पण त्याला स्वतःची अशी चव कमीच, आणि मला मांस खाल्ल्यासारखं वाटायला हवं.

कापताना धागे कुठल्या दिशेने धावतात ते पाहा आणि सुरी त्यांना आडवी चालवा. लांब धागे दातांनी तोडण्यापेक्षा सुरीने तोडलेले बरे. मांस अर्धवट गोठलेलं असेल तर तुकडे सुबक पडतात. अडीच ते तीन सेंटिमीटरचे करा. त्याहून लहान केलेत तर बाहेरून रंग येईपर्यंत आतून वाळतात.

भाग जरा चिवट निघालाच तर अर्धा किलोला अर्धा चहाचा चमचा खाण्याचा सोडा चोळा, वीस मिनिटं ठेवा, धुवा आणि कोरडं टिपा. सोड्याने वरचा थर अल्कधर्मी होतो आणि प्रथिनं तापल्यावर एकमेकांना तेवढी घट्ट धरत नाहीत. वर तो रंगही लवकर आणतो. पण मोजून घ्या. मी एकदा अंदाजाने घातला आणि साबण खाल्ला. कोलॅजनपुढे मात्र सोड्याचं काही चालत नाही. तुमचे उरलेले तुकडे स्टूतच जाऊ द्या.

आतून गुलाबी राहतं आणि ताटात लाल पाणी उतरतं. रक्त ना ते? मला पाचवा महिना आहे, खाऊ का?
– नाव नको

रक्त नाही. ते पाणी आणि मायोग्लोबिन, म्हणजे स्नायूत प्राणवायू साठवून ठेवणारं लाल प्रथिन. साधारण ६० अंशांच्या पुढे त्याचा लाल रंग जाऊन करडा होत जातो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर: गुलाबी खाऊ नका. तुमचा घाणा शेवटी काढा, आच थोडी कमी करून आणखी दोन-तीन मिनिटं ठेवा, आतून ७१ अंश होऊ द्या. स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्याच. सुई तुकड्याच्या मधोमध, तव्याला न टेकता.

इतरांसाठी: ५५ अंशांच्या आसपास आतून गुलाबी आणि रसाळ, ६३ ला किंचित गुलाबी, ७० च्या पुढे कोरडं. अखंड मांस ६३ अंशांवर नेऊन तीन मिनिटं विसावू द्या, असं अमेरिकेचं कृषी खातं सांगतं. अखंड तुकड्यात जंतू असतात ते मुख्यतः पृष्ठभागावर, आणि तो आपण चांगलाच भाजतो. खिम्यात बाहेरचं सगळं आत गेलेलं असतं, म्हणून त्याला ७१. सुयांनी टोचून मऊ केलेलं मांस मिळतं, त्यातही जंतू आत ढकलले जातात. ते गुलाबी ठेवू नका.

डिप कसलं करायचं? कच्च्या अंड्याचं मेयोनीज नको आणि बाटलीतलं गोड सॉस तर अजिबात नको.
– चवीची पक्की

तुमच्याशी माझं जमेल. खरपूस मांसाला गोड सॉस म्हणजे चांगल्या गाण्यावर टाळ्या पिटणं.

डिपकडून मला तीन गोष्टी हव्या असतात. चरबी कापणारा आंबटपणा, नाकात जाणारा तिखटपणा, आणि जिभेवर रेंगाळणारी ती मांसल चव, जिला जपानी लोक उमामी म्हणतात. किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या सारातून तिचं मूळ, म्हणजे ग्लुटामेट, वेगळं काढलं. सोया सॉसमध्ये ते भरपूर असतं, म्हणून माझ्या डिपमध्ये तो चमचाभर जातोच.

आधी लसणाची एक छोटी पाकळी ठेचून चमचाभर लिंबाच्या रसात दहा मिनिटं ठेवा. ही पायरी गाळू नका. लसूण ठेचला की त्यातलं एक विकर (एन्झाइम) त्याचा झणका तयार करतं, आणि आम्ल त्या विकराला आवरतं. लसणाचा स्वाद राहतो, दुसऱ्या दिवसापर्यंत पुरणारा वास राहत नाही. मग त्यात एक वाटी घट्ट चक्का, चहाचा चमचाभर मोहरीची पेस्ट, तेवढाच सोया सॉस आणि भरपूर मिरपूड. चाखून बघा आणि मगच मीठ घाला. सोया सॉस खारट असतो.

आता खरी चोरी. शेवटचा घाणा उतरला की तव्याच्या बुडाला तपकिरी खरवड चिकटलेली असते. ती घासून टाकणाऱ्यांची मला दया येते. तेल निथळून टाका, आच मंद करा, दोन मोठे चमचे पाणी घाला आणि लाकडी उलथन्याने खरवडा. चमचाभर दाट, काळपट रस निघेल. तो कोमट होऊ द्या आणि डिपमध्ये मिसळा. गरम ओतलात तर चक्का फाटेल. खरवड करपून काळी झाली असेल तर मात्र मोह सोडा, सगळं डिप कडू होतं.

लोणी आवडत असेल तर तेही शेवटीच. आच बंद केल्यावर एक चमचा लोणी आणि ठेचलेला लसूण तव्यात फिरवा, तुकडे त्यात घोळवा. सुरुवातीला घातलंत तर लोण्यातला दुधाचा अंश जळतो.

एक सांगायचं राहिलं. कच्चं मांस ज्या ताटात होतं त्यात शिजलेलं काढू नका. हे इतक्यांदा दिसतं की मला आता लाजही वाटत नाही पुन्हा सांगताना.

माझ्याकडे फक्त नॉनस्टिक आहे. चालेल?
– होस्टेलकर

चालेल, पण खरपूसपणा कमी येईल. रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवून निघून जाऊ नका. २६० अंशांच्या पुढे तो लेप बिघडायला लागतो. तेल आधीच घाला, मध्यम आच ठेवा, घाणे आणखी छोटे करा. थेंबाची गंमत तुमच्यासाठी नाही.

उरलेले तुकडे दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये रबर होतात. उपाय?
– दोघांचाच संसार

गरम करूच नका. तुकडे निवले की दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, डिप वेगळ्या डब्यात. दुसऱ्या दिवशी गारच असताना धाग्याला आडव्या पातळ चकत्या कापा, वर डिप आणि कच्च्या कांद्याच्या चकत्या. मी हे पोळपाटाजवळ उभ्यानेच खाते, त्यामुळे ताटात कसं वाढायचं ते मला विचारू नका.