फ्लॅट बघण्याआधी भाडेकरू बघ

पोरी, अनेक आशीर्वाद.

भाड्याने देण्यासाठी घर घ्यायचं म्हणून तू पाठवलेल्या तिन्ही जाहिराती वाचल्या. तिन्ही फ्लॅट आयटी कंपन्यांच्या हिंजवडीच्या बाजूचे, टोलेजंग इमारतींतले, पझेशनला, म्हणजे ताबा मिळायला, अजून दोन वर्षं असलेले. माझं ऐकशील तर तिन्ही सोड. दोन वर्षं बँकेला व्याज जाईल आणि भाड्याचा एक रुपया येणार नाही. शिवाय बांधकाम चालू असलेल्या घरावर साधारण ५ टक्के जीएसटी; ४५ लाखांच्या आतल्या छोट्या घरांना तो १ टक्का. आणि खरी गोम पुढेच आहे. पझेशन मिळतं तेव्हा तुझ्यासारख्याच कितीतरी गुंतवणूकदारांचे फ्लॅट एकाच महिन्यात भाड्याने निघतात, आणि भाडेकरू मागेल त्या भाड्याला द्यावे लागतात.

तुझं बजेट चाळीस लाखांचं आहे. मग आधी भाडेकरू कोण असेल ते ठरव. पिंपरीत संत तुकारामनगरला वायसीएम, म्हणजे महापालिकेचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय आहे. तिथल्या परिचारिकांना, शिकाऊ डॉक्टरांना रात्रपाळी संपवून चालत घरी जाता येईल अशी खोली हवी असते. आकुर्डीला कॉलेजं आणि रेल्वे स्टेशन, भोसरीला एमआयडीसी. रुग्णालय किंवा स्टेशन सहसा जागचं हलत नाही, आयटी कंपनी ऑफिस कधीही हलवते. अशा ठिकाणी जुन्या सोसायटीतला रीसेलचा वन बीएचके शोध. जिम, स्विमिंग पूल नसलेलाच बरा. त्याचा मेंटेनन्स तुझ्याच खिशातून जातो.

आता हिशेब. आकडे अंदाजाचे आहेत, तू तुझे घाल. घर ४० लाखांचं. फक्त तुझ्या नावावर घेतलंस तर स्त्रियांची सवलत धरून मुद्रांक शुल्क ६ टक्के, म्हणजे २ लाख ४० हजार. नोंदणीचे ३० हजार, एजंटचे ४० हजार. झाले ४३ लाख १० हजार. भाडं १३ हजार धरलं आणि वर्षातला एक महिना घर रिकामं राहिलं, तर हाती १ लाख ४३ हजार. मेंटेनन्स, घरपट्टी, रंगरंगोटी यांचे ३९ हजार गेले की उरतात १ लाख ४ हजार, म्हणजे घातलेल्या पैशांवर वर्षाला अडीच टक्केसुद्धा नाहीत. ३० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलंस तर हप्ता २६ हजारांचा. भाड्यातून हप्ता फिटेल असं सांगणाऱ्या एजंटला हा कागद दाखव. घर सहा महिने रिकामं राहिलं तरी पगारातून हप्ता जाईल, एवढंच कर्ज काढ. तेवढ्यात बसत नसेल तर दोन वर्षं थांब. त्यात काही कमीपणा नाही.

घर बघायला सकाळी सातला जा. पिंपरी-चिंचवडला २०१९ पासून दिवसाआड पाणी आहे, तेव्हा पाणी नसलेल्या दिवशीच जा. फ्लॅटमध्ये शिरण्याआधी जिन्याखालचा नोटीस बोर्ड नीट वाच. थकबाकीदारांची यादी, टँकरचं बिल, लिफ्ट कधीपासून बंद आहे, सगळं तिथे लावलेलं असतं. मग गच्चीवर जाऊन टाकी बघ, वरच्या मजल्याच्या छताला ओल आहे का बघ. वॉचमनला एकच विचार: इथले भाडेकरू किती दिवस टिकतात?

कागदांत इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा), भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी आणि बोजा यांची वकिलाने केलेली तपासणी. वकील तुझा स्वतःचा हवा, एजंटने सुचवलेला नको. जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, हेही विचार. जुनी इमारत उद्या पुनर्विकासाला गेली तर सगळं त्यावरच अडतं. मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते बिगर-भोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हे सोसायटीला नम्रपणे आणि लेखी सांग.

भाडेकरार ११ महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे. न नोंदवलेल्या करारात वाद झाला तर भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. भाडेकरूची जात, धर्म, लग्न झालंय की नाही, हे विचारू नकोस. नोकरी आणि आधीच्या मालकाचा अनुभव विचार. डिपॉझिट वेगळ्या खात्यात ठेव आणि तो सोडून जाईल त्या दिवशी परत दे. ते पैसे त्याचे आहेत.

टोकन, म्हणजे विसाराची रक्कम, देण्याआधी इंडेक्स टूची प्रत मला पाठव. रविवारी घरीच आहे.