वारली आधी झोपले होते का?

प्रश्न : ठाणे जिल्ह्यातल्या वारली आदिवासींच्या लढ्यावरचं, त्या लढ्याच्या पुढारी गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' मी कॉलेजात असताना वाचलं आणि भारावून गेले. परवा मुलाला दिलं, तर म्हणतो, "आई, ही बाहेरून गेलेल्या पुढाऱ्याची नजर आहे. आदिवासी काय झोपले होते?" मला उत्तर सुचेना. हे पुस्तक आता कसं वाचायचं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, पोराने नेमकं नावावरच बोट ठेवलंय. शीर्षक मलाही खटकतं. १९४५च्या मे महिन्यात झरी गावच्या सभेत वेठ, म्हणजे फुकट राबणं, बंद करायचं ठरलं, ते कम्युनिस्टांच्या किसान सभेच्या लाल बावट्याखाली. पण त्याआधी, १९२२ साली, पालघरच्या किनाऱ्यावरून निघून दक्षिण गुजरातेत 'देवी' फिरली होती. माणसांच्या अंगात यायचं आणि देवी सांगायची : दारू-ताडी सोडा, रोज आंघोळ करा, दारूवाल्याकडे कामाला जाऊ नका. कुठल्या पक्षाचा माणूस नव्हता तिच्यामागे. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी त्यावर अख्खं पुस्तक लिहिलंय. मुलाला इंग्रजी जमत असेल तर ते त्याच्या हातात द्या.

पण मग बावट्याने केलं काय? वेठ आणि मारहाण सायमिंग्टन नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याने १९३९च्या अहवालात लिहून ठेवलीच होती. (वारल्यांना अर्थात अहवाल वाचायची गरज नव्हती.) लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघं मालकाकडे राबायला बांधलेली, त्याला 'लग्नगडी' म्हणत. हे सोसणाऱ्याला ठाऊक होतं. शेजारच्या पाड्यावरचाही उद्या कामावर जाणार नाही, ही खात्री मात्र नव्हती. माझ्या मते ती संघटनेने दिली.

म्हणून मी हे पुस्तक गवताच्या भावापासून वाचतो. वारल्यांची मागणी होती ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये मजुरी. वाचताना आकडा डोळ्यांखालून निसटतो. मी डहाणूकडे शाळेत होतो तेव्हा एक भारा वजनकाट्यावर ठेवून पाहिला : पंचवीस किलो. म्हणजे तसे नऊ भारे कापायचे, बांधायचे, तेव्हा कुठे अडीच रुपये. आणि तेवढ्यासाठीही संप करावा लागला. ऐन कापणीत, १० ऑक्टोबर १९४५ला, तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण गेले, त्यात जेठ्या गांगड. गोदावरीबाईंच्या नावाने खोटी आवई उठवून लोकांना तिथे गोळा केलं होतं, असं त्यांचंच म्हणणं. आवई उठली तरी लोक रानातून धावत आले, हे झोपलेल्यांचं लक्षण नव्हे. इथे पुस्तकच आपल्या नावाला खोटं पाडतं.

तुम्ही भारावलात त्यात चूक काही नाही. मुलाने पुस्तक शेवटपर्यंत वाचलंय की पुस्तकाविषयी वाचलंय, तेवढं मात्र विचारा.