जाळ्यात कासव मेलं, कळवू की गप्प बसू?

प्रश्न: हर्णैला माझी गिलनेटची (पाण्यात उभ्या सोडलेल्या, मासे अडकणाऱ्या जाळ्याची) बोट आहे, परवाना चालू आहे. आठवड्यापूर्वी जाळ्यात दोन ऑलिव्ह रिडले कासवं अडकली. जिवंत होतं ते तांडेलाने (बोटीच्या म्होरक्याने) जाळं कापून सोडलं, खलाशाने मोबाइलवर व्हिडिओ घेतला. दुसरं आधीच मेलेलं होतं, ते तांडेलानेच समुद्रात टाकलं. कापलेल्या जाळ्याची भरपाई मिळते म्हणे. पण मेहुणा म्हणतो, अर्ज केलास तर मेलेल्या कासवाची चौकशी लागेल, सात वर्षं आत जाशील. काय करू?

उत्तर: मेहुण्यांनी आकडा बरोबर सांगितला, सल्ला चुकीचा दिला.

ऑलिव्ह रिडले वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. त्याच्या शिकारीला 3 ते 7 वर्षं कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड आहे. कायद्यातली 'शिकार' फक्त मारण्यापुरती नाही; पकडणं, अडकवणं आणि तसा प्रयत्नही त्यात येतो. मासेमारी करताना चुकून अडकलेल्या प्राण्यासाठी या व्याख्येत वेगळी सूट लिहिलेली नाही. ही मला कायद्यातली मोठी उणीव वाटते. गिलनेट टाकणाऱ्याने कासव येऊच नये म्हणून नेमकं काय करायचं, हे कुणी सांगत नाही आणि मेलं की सगळा भार त्याच्या डोक्यावर.

तरी तुमची बाजू कच्ची नाही. हेतू मासे पकडण्याचा होता, हे परवाना, जाळ्याचा प्रकार आणि त्या दिवशीची मासळी यांवरून दाखवता येतं. शिवाय डिसेंबर 2018 पासून राज्याच्या वनखात्याचा कांदळवन (खारफुटी) कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग संरक्षित प्राणी सोडताना जाळं कापावं लागलं तर 25 हजारांपर्यंत भरपाई देतात. म्हणजे असे प्राणी चुकून जाळ्यात येतात, हे सरकारनेच मान्य केलं आहे. हा युक्तिवाद जोरदार आहे, मात्र योजना म्हणजे माफी नव्हे. मनाई असलेल्या भागात जाळं टाकलं असेल तर तोही लंगडा पडेल, वर 1981 च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली वेगळी कारवाई होईल.

आता मेलेलं कासव. वन्यजीव अधिनियमाच्या कलम 39 प्रमाणे मेलेला किंवा चुकून मारला गेलेला वन्यप्राणी सरकारी मालमत्ता ठरतो. तो ज्याच्या ताब्यात येतो त्याने 48 तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवायचं असतं. जाळ्यात सापडून लगेच टाकून दिलेलं कासव 'ताब्यात' होतं का, यावर वाद घालता येईल. तो वाद कोर्टासाठी ठेवा. मुदत उलटली आहे, तरी उशिराचं कारण देऊन आजच लेखी कळवा आणि पोच घ्या. वेळ, अंदाजे जागा, बोटीवर कोण होतं, हे सगळं त्यात असू द्या.

भरपाईच्या अर्जात एकच कासव दाखवण्याचा मोह होईल. तसं करू नका. बोटीवर इतके खलाशी होते. जेटीवर असली गोष्ट चार दिवस लपत नाही. मग आज जो अपघात आहे तो उद्या लपवाछपवी दिसेल.

व्हिडिओची मूळ फाइल ज्या मोबाइलवर घेतली त्यातच राहू द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. कोर्टात तो दाखवायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागेल. कापलेलं जाळंही पंचनामा होईपर्यंत दुरुस्त करू नका. हंगामात जाळं पडून ठेवणं जिवावर येतं, पण पुरावा तोच आहे.

वनखात्याने जबाबासाठी बोलावलं तर जा, पण आधी वकिलांशी बोला आणि वाचल्याशिवाय सही करू नका. पोलिसांपुढची कबुली कोर्टात तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही; कायद्याचं हे संरक्षण वनाधिकाऱ्यापुढच्या जबाबाला मिळेल असं धरून चालू नका. अटकेची शक्यता दिसली तर सत्र न्यायालयात अटकपूर्व जामीन मागता येतो. या कायद्याखाली आधी शिक्षा झालेली असेल तर पहिल्या अनुसूचीतल्या गुन्ह्यात जामिनाच्या अटी कडक आहेत; तशी नसली तरी तिथे उशीर नको.

आणि तांडेलासाठी शक्यतो वेगळा वकील बघा. कासव समुद्रात त्याने टाकलं, बोट तुमची आहे. चौकशी पुढे सरकली तर दोघांचं म्हणणं एकच राहील याची खात्री नाही.